काटा खालीच होता

गणपतदादा, तुम्ही गेल्याचं मला गंगाखेडच्या रस्त्यावर कळलं. साहेबांना घेऊन चाललो होतो. चहाला थांबलो तर तुमच्या शेजारचा टायरवाला मोटारसायकलवर समोरून आला, मला बघून थांबला आणि म्हणाला, "तुला कळलं का न्हाई? गणपत इलेक्ट्रिशियन गेला. काल सकाळीच गावाकडं नेलं." मी "बरं" म्हणालो. चहा पूर्ण प्यालो. साहेबांना म्हणालो, निघायचं का? आठ-दहा किलोमीटर गाडी नीट चालवली, आणि मग एका बाभळीखाली उभी करून सांगितलं की माझं एक माणूस गेलंय, पाच मिनिटं द्या. साहेब नवीन आहेत. त्यांनी विचारलं, "नात्यातले होते?" "आमच्या गावचे होते," म्हणालो.

तुमच्याशी बोलायचं बरंच राहिलंय. तुम्ही बोलताना हातातलं काम सोडत नव्हतात आणि मी तुमच्या हातांकडे बघत बसायचो, त्यामुळे काही गोष्टी तोंडाशी आल्या आणि परत गेल्या. आता लिहून बघतो.

आपली पहिली भेट आठ वर्षांमागची. पहिली म्हणजे परभणीतली. गावात तुम्ही मला पाहिलेलं असणार, मीही तुम्हाला लांबून पाहिलेलं. पण तुमचं घर गावात आणि आमचं वस्तीत, त्यामुळे भेट म्हणावी अशी झालीच नव्हती. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतरावरून आमची वस्ती जळाली. माय, बाप आणि मी गाव सोडून परभणीत आलो ते परत गेलो नाही. माझं कॉलेज पहिल्या वर्षातच सुटलं. मी गाडी शिकलो, आणि पुढं एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर जीप चालवायला लागलो. पाथरी रोडला लिंबाखाली टिनाच्या शेडमध्ये आपल्या गावचा एक जण गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, हे मला ठाऊक होतं. मी त्या रस्त्यानं जाताना मान सरळ ठेवायचो.

मग ती येलदरीची फेरी आली. एप्रिलचं ऊन, शेजारी तेव्हाचे साहेब. जिंतूरच्या पुढं चढाला गाडी जड वाटायला लागली. मी डॅशबोर्डवर बघितलं. पाण्याची गरमी दाखवणारा काटा खाली, गारच्या खुणेपाशी होता. आणखी थोडं गेलो. जळका वास आला, इंजिनानं एक हिसका दिला आणि जाम झालं. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा रबरी पाइप फाटलेला, आत पाण्याचा थेंब नाही. साहेब मागून आलेल्या एसटीत बसून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गाडी मारलीस तू."

दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांच्या तोंडी तेच. पाणी न बघता गाडी हाणली, इंजिन गेलं. मला कायम करायची ऑर्डर त्याच महिन्यात निघणार होती. ती टेबलावरून उचलून खणात गेली. हेडक्लार्क मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याला म्हणाला, "यांच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?" मी साहेबांना सांगत होतो की काटा खालीच होता. साहेब म्हणाले, "सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात. चौकशी होईल. बाहेरच्या माणसाकडून काटा तपासून घेऊ." आणि कचेरीचा बाहेरचा माणूस म्हणजे तुम्ही होतात.

मी घाबरलो, दादा. तुमच्या हातात माझी नोकरी, आणि तुम्ही त्या गावचे. शिवाय आमच्या वर्कशॉपचे फोरमन रशीदभाई तुमचे जुने दोस्त. कचेरीचं सगळं काम तुमच्याकडे यायचं ते त्यांच्यामुळे. गाडी बंद पडायच्या आठ दिवस आधी त्या जीपची सर्व्हिसिंग झाली तेव्हा रजिस्टरवर 'सर्व काटे चालू' असं लिहून त्यांनीच सही केली होती. काटा बंद निघाला तर सही खोटी ठरणार. तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलणार, हे मला दिसतच होतं.

तरी आदल्या दिवशी मी तुमच्या शेडवर आलो. तुम्ही बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी ब्रशनं घासत होतात. वर न बघता म्हणालात, "बस." मग बघितलंत. "तू सटवाजीचा पल्लाद न्हवं का? आपल्या गावचा?"

ते 'आपल्या' मला नीट झेपलं नाही. मी उभाच राहिलो. म्हणालो, "गणपतराव, उद्या कचेरीत तुमी यायलाव. काटा खालीच होता, एवढंच सांगाया आलो."

"खालीच व्हता?"

"खालीच."

"मग येक तर सेंडर मेलाय, न्हाईतर वायर तुटलीय, न्हाईतर काटाच अडकलाय. न्हाईतर तू खोटं बोलायलास." तुम्ही ब्रश झटकलात. "चारीबी तपासू. जा आता."

मी परत जाताना शिव्या घालत गेलो तुम्हाला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आवारात साहेब, हेडक्लार्क, रशीदभाई आणि दहा-बारा बघे. तुम्ही पायजम्यावर पांढरा सदरा घालून आलात, बगलेत मल्टिमीटरची काळी पेटी. आधी इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला तो सेंडर दाखवलात. पितळेचा, बोटाच्या पेराएवढा. नव्या गाड्यांचे मेकॅनिक आता त्याला सेन्सर म्हणतात. साहेबांना समजावलंत की पाणी तापलं की याच्यातून वीज जास्त सुटते आणि त्यावर डॅशबोर्डचा काटा वर चढतो. मग त्याची वायर काढलीत, चावी चालू करायला सांगितलीत आणि वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलंत.

"काटा बघा, सायेब."

काटा झपकन वर, पार लाल खुणेपर्यंत गेला. वायर काढली, खाली आला.

"काटा चांगला. वायरबी चांगली. दोन गोष्टी सुटल्या."

मग मीटर उघडलंत. त्याच्या वायरींच्या टोकाच्या दोन्ही दांड्या एकमेकींना चिकटवल्यात आणि बाजूचं बटण फिरवत मीटरचा काटा उजवीकडच्या शून्यावर बरोबर आणलात. साहेबांनी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "आधी माझं मीटर खरं बोलायलंय का ते बघाया नगं का? मग दुसऱ्याला खोटं म्हनता येतं."

एक दांडी सेंडरच्या टोकाला, दुसरी इंजिनाला. मीटरचा काटा डावीकडं पडून राहिला. रशीदभाई पुढं झाले. "गणपत, इंजिन थंडा हाय. थंडे में क्या बोलेगा वो? देख के बोल."

मला वाटलं, झालं. आता तुम्ही मीटर गुंडाळणार.

"बरोबर हाय तुझं," तुम्ही म्हणालात. "मग गरम करू."

पाना लावून सेंडर काढलात. शेजारी उभ्या असलेल्या, चांगल्या चालणाऱ्या जीपचाही तसाच सेंडर काढलात. समोरच्या हॉटेलातून स्टोव्ह आणि चहाचं पातेलं मागवलंत. दोन्ही सेंडर तारेला बांधून पाण्यात असे सोडलेत की टोकं कोरडी राहतील आणि बूड पातेल्याच्या तळाला लागणार नाही. साहेब लांबून बघत होते. तुम्ही मीटरच्या दांड्या त्यांच्यापुढं केल्यात. "सायेब, तुमीच धरा. माझा हात नगं."

साहेब चहाच्या पातेल्यापुढं उकिडवे बसले. मला तो देखावा अजून दिसतो. आधी चांगला सेंडर. पाणी गार असतानाच मीटरचा काटा जरासा हलला होता. पाणी कोमट झालं तसा उजवीकडं सरकला. बुडबुडे यायला लागले तसा आणखी सरकला, आणि पाणी खळखळायला लागलं तेव्हा शून्याजवळ जाऊन थांबला. साहेब स्वतःच मोठ्यानं आकडे वाचत होते. मग तुम्ही म्हणालात, आता दुसरा. साहेबांनी दांड्या आमच्या जीपच्या सेंडरला लावल्या. काही नाही. दाबून धरल्या. काही नाही. पाणी उकळत होतं, वाफ साहेबांच्या चष्म्यावर चढली होती, आणि काटा जागचा हलत नव्हता.

"पानी उकळायलंय," तुम्ही म्हणालात, "आन् ह्यो म्हनायलाय गार हाय. सेंडर मेलाय, सायेब. पोराला काटा खालीच दिसनार."

तुम्ही मांडीवर कागद ठेवून तिथंच रिपोर्ट लिहिलात आणि सही केलीत. सही करताना रशीदभाईंकडे बघितलं नाहीत. साहेबांनी मात्र बघितलं. म्हणाले, "फोरमन, रजिस्टरवर तुमची सही आहे."

मी तुमच्यामागून रस्त्यापर्यंत आलो. आभार मानायचे होते. तुम्ही तो मेलेला सेंडर खिशातून काढून उन्हात धरलात, टोक नखानं खरवडलंत. आत हिरवा गंज होता. मग मला विचारलंत, "काटा कदीपासून पडला व्हता रे?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात आणि चालायला लागलात.

त्याच दिवशी नव्हतं, दादा. चार दिवस आधीच माझ्या लक्षात आलं होतं की उन्हातसुद्धा काटा वर येत नाही. एकदा मनात आलं, फोरमनला सांगावं. पण गाडी वर्कशॉपला गेली की मला बसवून ठेवतील. ऑर्डर निघायच्या तोंडावर आपण कोणाच्या नजरेत यायला नको. मी गप्प राहिलो. चौकशीत मी जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. काटा खालीच होता. चार दिवसांचं मला कोणी विचारलंच नाही. विचारलं ते फक्त तुम्ही, आणि तुमच्याशी मी खोटं बोललो.

महिन्याभरात रशीदभाईंची किनवटकडं बदली झाली. त्यांची धाकटी मुलगी दहावीला होती, म्हणून बिऱ्हाड परभणीतच राहिलं आणि ते एकटे तिकडं तीन वर्षं राहिले. त्यांच्या हातून न बघता सही झाली होती हे खरं. पण मी सांगितलं असतं तर त्यांनी सेंडर बदलला असता, इंजिनही वाचलं असतं, हेही खरं. त्याच पावसाळ्यात मी कायम झालो. मायनं शेजारीपाजारी पेढे वाटले. तुमच्याकडं पुडा घेऊन आलो तेव्हा तुम्ही एक पेढा खाल्लात आणि दुसरा कागदात बांधून ठेवलात. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी येत राहिलो. आधी काम काढून, मग बिनकामाचा. तुम्ही मला मीटर धरायला शिकवलंत; वायर कुठं तुटली ते बोटांनी शोधायला, डायनॅमोचा आवाज ओळखायला. गणपतरावाचे दादा कधी झालात ते कळलं नाही. आणि आपण भांडायचो. तुमच्या शेडवर बसून मी नामांतरावर जितकं भांडलोय तितकं मोर्चातसुद्धा बोललो नसेन.

"नाव कशापायी बदलायचं?" तुम्ही म्हणायचात. "मराठवाडा म्हनलं की माझा आज्या आला, निजामाच्या वक्ताचे हाल आले. आमाला दुसरं हाय काय?"

"तुमचं पुसा असं कोण म्हणायलंय? ज्यांच्यामुळं माझ्यासारख्याला शाळेचं दार दिसलं त्यांचं नाव तिथं लागलं तर तुमचं काय जायलंय?"

"जात न्हाई काही. पर इचारलं का आमाला कुनी?"

"आमाला कधी कशात इचारलं होतं, दादा?"

यावर तुम्ही सोल्डरिंगची कांडी उचलायचात. एखादी गोष्ट पटली नाही की तुम्हाला काम आठवायचं. पण मला कधी 'जा' म्हणाला नाहीत, आणि समोर गावाकडचं कोणी येऊन बसलं तरी विषय बदलला नाहीत. एकदा तुमचा चुलतभाऊ बसला होता. तो म्हणाला, "याच्या तोंडी कशाला लागतो?" तुम्ही म्हणालात, "त्याचं बोलनं मला पटत न्हाई, पर बसाया तोच बरा वाटतो." चुलतभाऊ उठून गेला.

मग ती दुपार. मी विचारायचं ठरवून आलो नव्हतो. तुम्ही हॉर्नची वायर जोडत होतात आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, त्या वर्षी आमची वस्ती जळाली तवा तुमी कुठं होतात?"

तुम्ही कांडी स्टँडवर ठेवलीत. पहिल्यांदाच हातातलं काम सोडलेलं बघितलं तुम्हाला.

"गावातच व्हतो. पेरनीला आलतो. घरात व्हतो, दार लावून."

"आवाज आला?"

"आला. तुझ्या मायनं माझ्या मायचं नाव घिऊन हाक मारली. दोनदा. मी उठलो. मायनं माझा हात धरला. म्हातारीच्या हाताला किती जोर असनार, पल्लाद. सोडवता आला असता मला. मी सोडवला न्हाई."

मी उठलो आणि सायकल घेऊन निघून गेलो. तुम्ही हाक मारली नाहीत.

सहा-सात महिने मी त्या रस्त्याला गेलो नाही. रोज तुमच्यावर चिडायचो. चिडता चिडता हेही मनात यायचं की मी स्वतः कुठं खरं बोललोय तुमच्याशी. पण या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत, दादा, हे तेव्हाही कळत होतं, आजही कळतंय. माझ्या गप्प बसण्यानं एका माणसाची बदली झाली. तुमच्या दाराबाहेर माझी माय आगीतून धावत होती.

शेवटी एकदा मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाक आयकली व्हती म्हनला?"

"हो. दोनदा मारली म्हणाला."

"दोनदाच मारली व्हती." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मला इतकी वर्सं वाटायचं, कुनाला आयकूच गेली न्हाई. आयकू गेली व्हती तर." मग म्हणाली, "गावात इतकी मानसं. त्यानं तोंडानं सांगितलं तरी. बाकी कुनी सांगितलंय?"

तिनं तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं ती बोलली नाही, आणि तिच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्या शेडवर आलो. तुम्ही "बस" म्हणालात. मी बसलो. थोड्या वेळानं मीटरची एक दांडी माझ्याकडं केलीत आणि म्हणालात, "धर हिकडून." बस, एवढंच. त्या दुपारचं आपण पुन्हा कधी काढलं नाही.

या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. आमच्याकडं ढोल, गुलाल, बाया रस्त्यावर नाचायलेल्या. मी गुलालानं माखलेला तसाच तुमच्याकडं आलो. खरं सांगायचं तर तुम्हाला खिजवायला आलो होतो. तुम्ही शेडमध्ये एकटेच होतात, कपाटातून तिळगुळाचा डबा काढलात.

"झालं तुमच्या मनासारखं," म्हणालात.

"तुमच्या मनासारखं न्हाई झालं?"

तुम्ही विचार केलात. तोंडदेखलं बोलायचं तुम्हाला कधी जमलंच नाही. "माझ्या मनाचं मला आजून कळंना गेलंय. पर तुझं तोंड बघून बरं वाटायलंय." आणि माझ्या गालावरचा गुलाल बोटानं पुसून स्वतःच्या सदऱ्याला लावलात. तुमचा पांढरा सदरा. वहिनी म्हणाल्या, तो डाग नंतर गेला नाही. मला चिडवायला एवढा मोठा दिवस मिळाला होता आणि मी तिळगूळ खाऊन परत आलो.

त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही दवाखान्यात. कावीळ म्हणून गेलात, ती पोटातली दुसरीच गाठ निघाली. शेवटचा भेटलो तेव्हा अंग सगळं पिवळं, पण डोकं चालू. वरच्या पंख्याकडं बोट दाखवून म्हणालात, "बेअरिंग गेलंय त्याचं. माझ्या आधी त्याला भरती करा." बाजूच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा हसला. मी त्या दिवशी ठरवून आलो होतो की जीपच्या काट्याचं सांगून टाकायचं. वहिनी दूध आणायला खाली गेल्या, आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "दादा, ती येलदरीची गाडी..." तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली का मिटून घेतलेत, कळलं नाही. मी थांबलो. मग वहिनी आल्या.

तुमच्या दहाव्याला मी गावाकडं आलो, सोळा वर्षांनी. मायला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "तू जा." आमचं घर होतं तिथं आता कोणाची तरी कडब्याची गंजी आहे. मी जरा वेळ उभा राहिलो आणि नदीवर गेलो. काही लोकांनी वळून बघितलं. तुमचा थोरला पुढं आला, म्हणाला, "काका, असे मागं का हुबारले? हिकडं या." तुमच्या चुलतभावानं सरकून जागा दिली. बोलला नाही, पण दिली.

तिथून मी घरी नाही गेलो, दादा. सेलूची गाडी पकडली. रिटायर झाल्यावर रशीदभाई तिथं थोरल्या मुलीजवळ राहतात, असं ऐकलं होतं. विचारत विचारत घर काढलं. अंगणात खाटेवर बसून नातीच्या सायकलचं पंक्चर काढत होते. दाढी सगळी पांढरी झालीय. मला ओळखलं त्यांनी. तुम्ही गेल्याचं मी सांगितलं तेव्हा नुसती मान हलवली. त्यांना कळलेलं होतं. मग मी बसलोच नाही, उभ्या उभ्या बोलून टाकलं. "रशीदभाई, त्या जीपचा काटा मला चार दिवस आधीपासून बंद दिसत होता. मी तुम्हाला सांगितलं न्हाई."

त्यांनी ट्यूबवर चिकटवलेला तुकडा अंगठ्यानं दाबून धरला होता. तो सोडला नाही. "मालूम है," म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"गणपतनं. और कौन? माझी बदलीची ऑर्डर आली त्याच दिवशी घरी आला. म्हनला, रशीद, सेंडर येका दिवसात मेलेला न्हाई, आतला गंज जुना हाय. पोराला ठाऊक असनार. मी इचारलं तर खोटं बोललं."

"मग तुम्ही साहेबांना का न्हाई सांगितलं?"

"चप्पल घालाया उठलोच व्हतो. तर म्हनला, जा, तुझा हक हाय. मी अडवनार न्हाई. फक्त येवढं बघ, तू किनवटहून परत येशील. त्ये पोरगं नोकरीतून गेलं तर त्याला कुनी परत घेनार न्हाई." रशीदभाईंनी अंगठा उचलून ट्यूब निरखली. "मग काय. चप्पल काढली. दोघांनी चाय पिली. तीन साल गुस्सा व्हतो मी. तुझ्यावर न्हाई, त्याच्यावर. माझ्याच घरात बसून मला आसं बोलला म्हनून. बाद में वो भी गया. आन् सही तर मी न बघताच केलती रे. वो तो झूट नहीं था."

आठ वर्षं तुम्ही मला मीटर धरायला शिकवत होतात, माझ्याशी भांडत होतात, माझा पेढा खाल्लात, आणि हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं.

रशीदभाईंनी विचारलं, "आखिर में तकलीफ हुई क्या त्याला?" मी सांगायला तोंड उघडलं. इतके दिवस आलं नव्हतं ते रडू तिथं, परक्या अंगणात, एका लहान पोरीसमोर आलं. रशीदभाईंनी सायकल बाजूला केली आणि खाटेवर सरकून जागा केली. पोरीनं पाणी आणून दिलं. मग आम्ही दोघं ऊन उतरेपर्यंत तुमच्याविषयीच बोललो. गणपत असा हाय, गणपत तसा हाय, कुणाचं ऐकत न्हाई, मीटर तपासल्याबिगर बोलत न्हाई. दोघांपैकी एकाच्याही तोंडून 'होता' असं आलं नाही, दादा. मी परत निघालो तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या आलं असेल तर ते बोलले नाहीत.